वॉटर पार्कातलं बायकांचं दार

अंकाच्या मंडळींनी मला सांगितलं, मावशी, वॉटर पार्कातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत, त्या लिहिते. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती गाळून बाकीचं लिहिलं तर सगळंच खोटं होईल. मी चौथीपर्यंत शिकले. लिहिलंय मीच, ऱ्हस्व-दीर्घ नातीनं बघितलं. मजकुराला तिला हात लावू दिला नाही.

मी वडगाव रासाईची. गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. तिथं न्हावऱ्याहून केडगावकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका बागायतदारानं उसाचं रान मोडून वॉटर पार्क काढला. नव्वदनंतरची ती वर्षं. असले पार्क मुंबईकडे होते म्हणे, पण ते पैसेवाल्यांचे. हा आमच्यासारख्यांचा. दोन मोठे हौद, तीन घसरगुंड्या, त्यातली एक वळणावळणाची, आणि वरून पाणी सोडायचा एक नळ, त्याखाली गाणी लावून पोरं नाचायची. तिकीट इतकं हलकं की कांदा काढायला जाणारी बाईसुद्धा वर्षातून एकदा पोरं घेऊन येऊ शके.

लोक हसायचे, नदीकाठची माणसं पैसे देऊन पाण्यात जातात म्हणून. पण नदीत उतरायची सोय राहिली नव्हती. पुण्याचं सगळं पाणी वाहत आमच्याकडे यायचं. हिरवं, वास मारणारं. आम्ही लहानपणी ज्या डोहात पोहलो तिथं आता म्हशीसुद्धा घालवत नाहीत. मग माणसं नदीच्याच काठानं जाऊन पार्कातल्या विहिरीच्या पाण्यात डुंबायची. मी रोज सकाळी होडीनं पलीकडे जायची. होडीवाला आप्पा चिडवायचा, "चालली हौसाबाई सासरला." मी म्हणायची, "व्हय, ह्या सासरी पगार तरी मिळतो."

माझं काम बायकांच्या दारावर. बाहेरच्या माणसाला वाटतं, त्यात काय काम? तर सांगते. बाई आत आली की तिला कपडे द्यायचे. साडी नेसून पाण्यात सोडायचं नाही, हा पहिला नियम. हौदाच्या तळाला जाळी असते, तिथून पंप पाणी ओढतो. नऊवारीचा सोगा त्या जाळीत गेला तर बाई खाली ओढली जाते. हे मी स्वतः बघितलंय, एकदा दोघांनी मिळून एका बाईला काष्ट्यासकट वर काढली. म्हणून नायलॉनचा गुडघ्यापर्यंतचा झगा आणि खाली विजार, असा पोशाख भाड्यानं द्यायचो. मापं तीन. लहान, मोठं आणि आणखी मोठं. दुसरा नियम डोक्याच्या तेलाचा. आमच्या बायका चंपी करून यायच्या, पंचवीस डोकी बुडाली की हौदावर कढीसारखा तवंग. त्यामुळं आधी साबणानं केस धुवायचे. पिना, पैंजण, जोडवी काढून ठेवायची. हे सगळं तपासून मगच मी पाण्याकडचं दार उघडायची. माझ्या दारातून जे गेलं त्याला मी जबाबदार. हे मला कामाला लावताना मॅनेजरनं तोंडावर सांगितलं होतं.

एकदा एक आजीबाई आल्या, ऐंशीच्या तरी असतील. झगा हातात घेऊन बसून राहिल्या.

"आजी, घाला की."

"ह्यात मला मामंजींनी बघितलं तर?"

"मामंजी हायत?"

"जाऊन चाळीस वर्सं झाली." थोडा विचार करून म्हणाल्या, "पन बघितलं तर?"

शेवटी झग्यावर टॉवेलाचा पदर घेऊन गेल्या. कंबरेएवढ्या पाण्यात तीन तास बसल्या, कुणाशी बोलल्या नाहीत. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

दुसरी एक बाई, पाटसकडची. नवरा दाराबाहेर उभा राहून हाका मारतोय, "अगं ए, गाडी जाईल!" मी आत जाऊन सांगितलं तर ती घसरगुंडीच्या रांगेत. म्हणाली, "मावशी, सांगा अजून सापडली न्हाई." मी तसंच सांगितलं. तो बिचारा घाबरला, आत शिरायला लागला. मग तिला बाहेर यावं लागलं. दोघंही मला शिव्या देत गेली. पुढच्या उन्हाळ्यात परत आली, नवरा या वेळी जेवणाचा डबा आणि बसायला पोतं घेऊन आला होता.

असल्या गमती मी रात्रभर सांगू शकेन. पण आमच्या कामातली खरी अडचण वेगळी होती. बांगड्या.

काचेची बांगडी घालून घसरगुंडीवर सोडता येत नाही. ती बांगडी वाढली (फुटली म्हणायची आमच्यात पद्धत नाही) की काचा पाण्यात जातात, पाण्यात काच दिसत नाही, आणि खाली दीडशे माणसं अनवाणी. आणि आमच्या बायका बांगड्या काढायला तयार नाहीत. नवरा जिवंत असताना मोकळ्या हातानं कोण राहील? त्यातून ते सांगणार कोण, तर मी. माझ्या हातात बांगड्या नाहीत, कपाळाला कुंकू नाही. माझे मालक जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. एका विधवेनं सवाष्णीला सांगायचं, बांगड्या उतरव. एक बाई तर म्हणाली, "तुझ्यासारकं करायचं हाय व्हय मला?"

मग मी एक युक्ती काढली. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि बांगड्यांवरून मनगटाला गच्च बांधायला लागले. आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझ्या बापानं मला लहानपणी मेंढीचा पाय बांधायची गाठ शिकवली होती, ओढली की आवळते. ती मारायची. महिनाभर चाललं. मग एका बाईची पट्टी पाण्यात सरकली, दोन बांगड्या गेल्या, नशिबानं कुणाला लागलं नाही. मॅनेजरनं पट्ट्या बंद केल्या. सगळ्यांसमोर सांगितलं, यापुढं पट्टी नाही म्हणजे नाही.

त्यानंतर त्यांनी रशीदाला आणली.

रशीदा केडगावची, मणेरांच्या घरातली. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं काम बांगड्या भरायचं. डोक्यावर बांगड्यांचा हारा घेऊन ती नदीच्या दोन्ही काठांच्या गावात फिरायची. आमच्याकडे चुडा भरल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही, आणि अलीकडच्या-पलीकडच्या कितीतरी गावांत तो चुडा रशीदाच्या सासूच्या आणि मग रशीदाच्या हातचा. पार्कात तिला एक स्टूल आणि एक साबणाची वडी दिली. बाईचा हात हातात घेऊन, गोष्टी बोलता बोलता, अंगठ्याचं हाड दाबून ती काचेची घट्ट बांगडी अशी काढायची की बाईला कळायचं नाही. काढलेल्या बांगड्या नाडीत ओवून त्याला नंबरचा बिल्ला बांधायची. आणि हात मोकळा राहू नये म्हणून एकेक हिरवी प्लॅस्टिकची बांगडी हातात सरकवायची. "हे घ्या, हात भरलेला हाय. आता जावा बुडायला." पाण्यातून आल्या की प्लॅस्टिकची परत, काचेच्या पुन्हा हातात. तीन वर्षांत तिच्या हातून एक बांगडी वाढलेली मी बघितली नाही.

आमचं जमलं. ती मला हौसा म्हणायची, मी तिला रशीदा. दुपारी भाकरी एकत्र खायचो, ती माझ्या डब्यातलं पिठलं घ्यायची, मी तिच्या डब्यातलं लोणचं. तिचा नवरा रेल्वेत हमाली करताना पाठीतून गेला होता, अंथरुणाला होता. घर तिच्यावर. पार्काचा पगार आणि लग्नसराईतले चुडे, एवढ्यावर ते चाललं होतं. हे मला चांगलं ठाऊक होतं. पुढं जे लिहिते ते वाचताना हे लक्षात ठेवा.

वैशाखातला रविवार होता. लग्नसराई चालू. नवी जोडपी जेजुरीला देव करून याच रस्त्यानं परत जायची आणि वाटेत पार्कात थांबायची, तशी पद्धतच पडून गेली होती. बारा-साडेबाराला न्हावऱ्याची एक टेम्पोभर माणसं आली. सगळ्यांच्या कपाळाला भंडारा. नवरीचं नाव अलका, अठरा-एकोणीसची, अंगानं किरकोळ, दोन्ही हातांत हिरवा चुडा कोपरापर्यंत. तिच्याबरोबर सासू. सासूला बघितलं आणि मी ओळखलं. कोंडाबाई. माझ्याच माहेरच्या गावची, एका गल्लीतली. लग्नानंतर तिची माझी भेट नव्हती.

रशीदानं नवरीचा हात हातात घेतला. कोंडाबाई मध्ये आली.

"चुड्याला हात लावायचा न्हाई. सोळा दिस झालं न्हाईत."

रशीदा म्हणाली, "आत्याबाई, मी परत भरून देते. जसाच्या तसा. माझं कामच त्ये हाय."

"उतरला म्हंजी उतरला. परत भरला काय आन् न भरला काय."

"मग नवरीला कडंला बसवा. पाण्यात न्हाई सोडता येत."

नवरी दाराच्या फटीतून घसरगुंडीकडे बघत होती, ते मी बघितलं. तिकडून पोरींचा आरडाओरडा ऐकू येत होता.

रशीदा कोंडाबाईशी भांडली नाही. उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "हौसा, हिला सोडू नकोस. मी नमाज पढून येते." मागं कपड्यांची खोली होती, तिथं ती दुपारची नमाज पढायची. मॅनेजरची परवानगी होती. ती गेली.

कोंडाबाई माझ्याकडे वळली. तिनं पदराची गाठ सोडली, जेजुरीचा भंडारा काढला आणि माझ्या कपाळाला लावला.

वाचणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. देवाचा भंडारा, कुणीही कुणाला लावतं. पण अकरा वर्षांत लग्नाच्या माणसातल्या कुणी बाईनं माझ्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. लग्नात मी चुलीजवळ. हळदीच्या वेळी मी उठून बाहेर जायची, कुणी सांगायच्या आधी. सख्ख्या भाचीचा चुडा भरताना मी गोठ्यात होते.

"हौसे," कोंडाबाई म्हणाली, "तू आपली हायस. त्या बाईला काय कळतंय आपल्या चुड्याचं? पोरीला एकदा घसरू दे. तू पयलं पट्ट्या बांधायचीस म्हणं. तुझ्या हातानं बांध."

"कोंडे, माझ्या हातानं?"

"मी तसलं काय मानत न्हाई. बांध."

ती खरंच मानत नव्हती की तिला फक्त सून पाण्यात सोडायची होती, हे मला आजही सांगता येत नाही. मी मात्र विरघळले. मॅनेजरनं पट्ट्या बंद केल्यात हे मला ठाऊक होतं. रशीदा काय सांगून गेली तेही कानात होतं. मी कोपऱ्यातल्या बोचक्यातून दोन पट्ट्या काढल्या, नवरीचा हात मांडीवर घेतला आणि त्या हिरव्या चुड्यावरून पट्टी फिरवली. सावकाश फिरवली. आनंद झाला होता मला. मग मी दार उघडलं.

ती वळणाच्या घसरगुंडीवर गेली. तिसऱ्या वळणाला दोन पत्रे जोडलेत तिथं तिचा हात आपटला. पट्टी भिजून आधीच वर सरकली होती. खालच्या हौदात ती पडली तेव्हा पाणी लाल. तिचं मनगट कापलं होतं. तिला बाहेर काढतात तोवर सात-आठ वर्षांच्या एका पोरीचा पाय काचेवर पडला. तळवा उभा फाटला. पोरीनं ओरडायच्या आधी खाली बघितलं आणि मग ओरडली. ते ओरडणं मी दारातून ऐकलं.

शिट्ट्या वाजल्या. हौद रिकामा करायला घेतला. रविवारची गर्दी, सगळी माणसं ओली, चिडलेली, बायकांच्या दारापुढं जमलेली. पोरीला आणि नवरीला जीपमधून दवाखान्यात नेलं. दोघींना टाके पडले, दोघी बऱ्या झाल्या, हे आत्ताच सांगून टाकते.

मॅनेजर आले. विचारलं, "काचेच्या बांगड्या घालून हिला आत कुणी सोडलं?"

कोंडाबाईनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "ती तुमची कासारीण व्हती की हितं. तिचंच काम न्हवं?"

एवढ्यात रशीदा मागच्या खोलीतून आली. डोक्यावरचा पदर अजून कानामागं खोचलेला, पाय ओले. काय झालं तिला माहीत नव्हतं.

"जागेवर का नव्हतीस?"

"साहेब, नमाजला. तुम्हीच परवानगी दिली हाय."

गर्दीतून एक माणूस बोलला, "नमाज म्हत्त्वाची, आमच्या पोरीचा पाय न्हाई!" आणखी कुणी म्हणालं, "त्यास्नी काय आपल्या नवरीच्या चुड्याचं!" हे बोलणारे कुणी लांबचे नव्हते. दोघे माझ्या ओळखीचे होते.

मॅनेजर माझ्याकडे वळले. ते माणूस वाईट नव्हते. त्यांनी सरळ विचारलं. "मावशी, दारावर तुम्ही होता. काय झालं?"

मी म्हणाले, "मी आत कपडे द्यायला गेले होते. मला ठाऊक न्हाई."

एवढंच. रशीदानं सोडलं असं मी म्हणाले नाही. पुढं बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले, की मी तिचं नाव घेतलं नव्हतं.

कुणीतरी हौदातून पट्टी आणून कठड्यावर टाकली होती. रशीदानं ती उचलली. त्या गाठीकडे बघितलं. मेंढरंवाल्यांची गाठ, ती काही मणेरांच्या घरात मारत नाहीत. तिनं गाठ सोडवली, पट्टी पिळली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मॅनेजरपुढं, सगळ्यांपुढं. मॅनेजरांना ती जखमेला बांधलेली चिंधी वाटली असेल, कुणाला काही समजलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली, एखादं मिनिट असेल. मी पट्टी कमरेला खोचली.

तिला त्याच दिवशी काढलं. तिनं साबणाची वडी स्टुलावर ठेवली आणि गेली. दुसऱ्या दिवशीपासून त्या स्टुलावर मी बसायला लागले.

काम गेलं एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण सोळा दिवसांच्या आत नवरीचा चुडा वाढला, ही गोष्ट न्हावऱ्यात घरोघर गेली. श्रावणात त्या अलकाचा नवरा मोटारसायकलवरून पडला, पाय मोडला. झालं. कासारणीनं मुद्दाम केलं. ती काहीतरी पुटपुटली होती म्हणे. पुढच्या लग्नसराईत न्हावऱ्यात रशीदाला कुणी दारात उभं केलं नाही. मग शेजारच्या गावांत. मग आमच्या वडगावात.

आमच्या गल्लीत एका घरी लग्न ठरलं. घरची बाई मुद्दाम माझ्याकडे आली. "हौसाकाकू, तुमी व्हता की तिथं. ती रशीदा म्हंजी तीच ना, न्हावऱ्याच्या नवरीचा चुडा वाढवला ती?"

तिथं मॅनेजर नव्हते, गर्दी नव्हती, नोकरी जायची भीती नव्हती. मी परातीत पीठ मळत होते. मी म्हणाले, "असंल."

पहिल्या वेळी मी घाबरले होते. या दुसऱ्या वेळेला माझ्याकडे काहीच कारण नाही. त्या बाईनं शिरूरहून दुसरी कासारीण आणली.

पार्क पुढं पाच-सहा वर्षं चालला. मी तिथून निवृत्त झाले असं म्हणायचं, खरं तर विहिरीचं पाणी कमी पडलं आणि मालकानं घसरगुंड्या भंगारात घातल्या. आम्हाला शेवटच्या दिवशी साडी-चोळी दिली. मॅनेजर भाषणात म्हणाले की बायकांच्या दारावर हौसामावशी होत्या म्हणून आम्ही निर्धास्त होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

त्यानंतर एकदा केडगावच्या बाजारात रशीदा दिसली. जमिनीवर फडकं टाकून सुया, फण्या, नाड्या विकत होती. बांगड्या नव्हत्या. नवरा गेला होता. मी समोर जाऊन बसले. तिनं आधी गिऱ्हाईक समजून वर बघितलं.

"काय पाहिजे?"

"रशीदा, ती पट्टी मी बांधली होती."

ती हसली. खरंच हसली. "म्हंजी आता मला सांगायला आलीस व्हय? मला ठाऊक न्हाई का? गाठ मी सोडली."

"मग तवा बोलली का न्हाईस?"

"मी बोलले असते तर कुणी ऐकलं असतं? तू तिथं व्हतीस ना. मी तुझं तोंड उघडायची वाट बघत व्हते." एका पोरीला तिनं दोन नाड्या दिल्या, मग पुन्हा माझ्याकडे वळली. "हे बघ हौसा. माझ्याजवळ रडू नकोस. माझं गिऱ्हाईक जातंय. तुला सांगायचंच असंल तर न्हावऱ्यात जाऊन सांग. अजून माझे हात चालतात. चार घरं उघडली तर मला बास हाय."

मी म्हणाले, जाते.

वडगावहून न्हावरं काही मुंबई नाही. तासाभराचा रस्ता. पण कांद्याची काढणी आली, मग सुनेचं बाळंतपण आलं, मग माझे गुडघे. खोटं कशाला बोलू, मला जायचं नव्हतं. एकदा तर न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसले होते, शिरूरच्या दवाखान्यात निघाले होते. स्टँडवर गाडी थांबली. मी खिडकीतून बघत राहिले. गाडी सुटली. अशी दोन वर्षं गेली.

शेवटी गेले. कोंडाबाई आदल्या वर्षीच वारली होती. अलका दारात कांदे निवडत बसलेली. ती आता दोन लेकरांची आई, अंगानं भरलेली. मनगटावर पांढरा वण. मला तिनं ओळखलं. "या मावशी," म्हणून पोतं अंथरलं. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. पट्टी मी बांधली, दार मी उघडलं, रशीदा नको म्हणून गेली होती.

अलका कांदा निवडायची थांबली नाही. म्हणाली, "मावशी, हे मला काय सांगताय? माझाच हात व्हता की त्यो."

मला हे सुचलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ज्या पोरीचा हात मी मांडीवर घेतला, तिला ते ठाऊक असणारच.

"मग तू कधी बोलली न्हाईस?"

"चार दिसांची नवरी मी. सासूबाई एक सांगत व्हत्या. मला कुणी इचारलंच न्हाई." तिनं हातातला कांदा पाटीत टाकला. "तुमाला इचारलं व्हतं."



मग तिनं शेजारच्या आळीतल्या बायकांना हाक मारली. सात-आठ जणी आल्या, हातातली कामं तशीच टाकून. अलका म्हणाली, "आता ह्यांच्यापुढं सांगा." मी पुन्हा सगळं सांगितलं. भंडाऱ्याचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्यांना माझी दया आली असती, आणि दया घ्यायला मी गेले नव्हते. इथं लिहिलंय ते सगळंच खरं लिहायचं ठरवलं म्हणून.

मग त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "आरं द्येवा. आन् आपुन त्या बाईला दारातनं माघारी घालवली." दुसरी म्हणाली, "तिच्यासारका हात न्हाई बघा कुणाचा. ही शिरूरची बाई चार बांगड्या वाढवल्याबिगर चुडा भरत न्हाई." मग ती म्हातारी मला म्हणाली, "माघात माझ्या नातीचं लगीन हाय. तिला निरोप द्या. म्हणावं, चुडा तुमीच भरायचा." सगळ्या व्हय व्हय म्हणाल्या. एवढंच होतं ते. पाऊण तास लागला असेल.

मग मला सांगावं लागलं. न्हावऱ्याला यायच्या आधी मी केडगावला जाऊन आले होते, रशीदाला सांगायला की आता जाते. बाजारात तिची जागा रिकामी होती. घरी गेले. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. मूठ मिटत नव्हती, सूनबाई तिला घास भरवत होती. बांगडीचं काय, साधं बटण तिला लावता येत नव्हतं. दीड वर्षापासून असं होतं.

हे ऐकून म्हातारीनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग बाई, तुमी इतकी वर्सं काय करत व्हता?"

तिथं मी उत्तर दिलं नाही. आता लिहिते. मला लाज वाटत होती. रोज वाटत होती, आणि रोज वाटते म्हणजे मी काहीतरी करतेय, असं मी धरून चालले होते.